मेंदूत दिवे लागत नाहीत

करड्या मेंदूवर केशरी ठिपका आणि खाली ‘प्रेमाचं केंद्र सापडलं’ असा मथळा. अशी चित्रं वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. ती बहुतेक वेळा फंक्शनल एमआरआयमधून आलेली असतात. हे तंत्र मोलाचं आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: मेंदूचा जो भाग काम करतो, तो यंत्राला उजळलेला दिसतो.

यंत्राला ना विचार दिसतो, ना चेतापेशींमधली विजेची हालचाल. त्याला कळतो तो रक्तातला बदल. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, ऑक्सिजनने भरलेलं करत नाही. हा फरक लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांनी 1936 मध्ये दाखवला होता. सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये उंदरांच्या मेंदूत त्याचा उपयोग करून दाखवला आणि 1992 मध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, गडबड कमी होते आणि यंत्राला मिळणारा संकेत थोडासा वाढतो. थोडासा म्हणजे 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) यंत्रात साधारण एक-दोन टक्के. तोही उशिरा: चेतापेशींचा व्यवहार हजारांश सेकंदांत उरकतो, रक्ताचा प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. नकाशावरच्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. रंग नंतर संगणकावर भरतात. त्याचा अर्थ एवढाच, की दोन स्थितींमधला फरक तिथे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला.

गैरसमज: यंत्राची वेळ मिळाली की अभ्यास होतो.

खरं काम त्याआधी होतं. समजा, देवनागरी वाचताना मेंदूत काय घडतं हे पाहायचं आहे. (मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात या विषयावर काम झालं आहे.) शब्द वाचणं आणि कोरा पडदा पाहणं यांची तुलना केली, तर डोळे, लक्ष, उच्चार असं सगळंच एकत्र उमटेल. शब्दांऐवजी अनोळखी लिपीतली अक्षरं दाखवली तर ‘पाहणं’ बरंचसं वजा होईल, पण अर्थ आणि उच्चार वेगळे होणार नाहीत. त्यासाठी तिसरी स्थिती लागते. ही मांडणी कच्ची राहिली, तर कितीही महागडं यंत्र आणलं तरी प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मग येते डोक्याची हालचाल. पंधरा-वीस सेकंद काम आणि तेवढीच विश्रांती, असं चक्र बराच वेळ चालतं. माणूस कंटाळतो, गिळतो, खोकतो. मिलिमीटरहूनही कमी हालचालीने मेंदूच्या भागांमध्ये खोटे संबंध दिसू लागतात, हे 2012 मध्ये स्पष्टपणे पुढे आलं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. त्यामुळे ‘मुलांच्या मेंदूतला फरक’ म्हणून मांडलेल्या निष्कर्षांचा काही भाग प्रत्यक्षात हालचालीचाच होता. म्हणून सहभागी व्यक्तीला आधी बाहेर सराव द्यावा, डोक्याच्या बाजूंना उशा नीट बसवाव्यात आणि माणूस घरी जाण्यापूर्वी माहिती उघडून पाहावी. चाचणीचा कार्यक्रम आणि यंत्र एकाच क्षणी सुरू झाले का, हेही तपासावं. ती वेळ चुकली तर सगळं विश्लेषण चुकतं.

गैरसमज: संगणकाने दाखवलं म्हणजे ते आहेच.

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि नेहमीसारखं विश्लेषण केलं. माशाच्या मेंदूत ‘सक्रिय’ ठिपके मिळाले. मासा मेलेला होता. 2009 मध्ये मांडलेल्या या कामाला 2012 मध्ये इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. हिशेब साधा आहे: एक लाख ठिकाणी तपासणी केली आणि प्रत्येक ठिकाणी हजारात एक चूक चालवून घेतली, तर काहीही नसताना शंभर ठिपके उमटतात. या अनेक तपासण्यांचा हिशेब धरून दुरुस्ती केल्यावर माशाचे ठिपके गेले. पुढे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांच्या 70 गटांना 108 व्यक्तींची एकच माहिती देऊन तेच नऊ प्रश्न विचारले गेले. काही प्रश्नांवर त्यांची उत्तरं जुळली नाहीत. म्हणून विश्लेषणाच्या पायऱ्या माहिती गोळा करण्याआधीच लिहून जाहीर कराव्यात. माझ्या मते हा नियमच असायला हवा.

किती माणसं पुरतात, हे प्रश्नावर ठरतं. वाचताना कुठला भाग काम करतो हे मोजक्या माणसांतही कळू शकतं. पण बुद्धिमत्ता किंवा स्वभाव यांतला माणसामाणसांतला फरक मेंदूच्या नकाशाशी जोडायचा, तर हजारो माणसं लागतात, असं 2022 मधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं.

गैरसमज: एमआरआयमध्ये घातक किरण असतात.

क्ष-किरणांसारखे किरण त्यात नसतात. धोका चुंबकाचा, आणि ते चुंबक कायम चालू असतं, यंत्र रिकामं असतानाही. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला. म्हणून साडीच्या पिना, केसांतले आकडे, मंगळसूत्र, जोडवी, जरीचं कापड, सगळं बाहेर. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली कुठलीही वस्तू असेल तर आधीच सांगायचं. आवाज मोठा असतो, तेव्हा कानात बोळे हवेतच.

गैरसमज: संशोधनात भाग घेतला की मेंदूची फुकट तपासणी होते.

होत नाही. संशोधनासाठी काढलेली चित्रं रोगनिदानासाठी नसतात आणि दरवेळी ती तज्ज्ञ डॉक्टर पाहतीलच असंही नाही. तरी कधी अनपेक्षित गाठ दिसते. तुम्हाला अशा अभ्यासाचं बोलावणं आलं तर जरूर जा. तुमच्याशिवाय हे शास्त्र पुढे जाणार नाही. नको वाटलं तर कुठल्याही क्षणी थांबण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र संमतिपत्रावर सही करण्याआधी एक विचारून घ्या: चित्रांत अनपेक्षित काही दिसलं, तर मला कोण कळवणार?