नळाचें पाणी : जड, हलकें आणि निर्मळ



मागील वर्षीं एका रविवारीं सकाळीं पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा एक तरुण विक्रेता आमच्या पुण्याच्या घरीं आला. त्यानें कांचेचे दोन पेले मागून घेतले. एकांत आमच्या नळाचें पाणी भरलें, दुसऱ्यांत आपल्या यंत्रांतून काढून आणलेलें. दोहोंत विजेच्या सळया बुडवून त्यानें बटण दाबलें. पाहतां पाहतां आमचें पाणी पिवळट, मग हिरवट आणि शेवटीं गढूळ तांबूस झालें व वर गाळाची साय जमली. त्याचें पाणी मात्र जसेंच्या तसें नितळ राहिलें. "काका, हें तुम्ही रोज पितां," तो म्हणाला. सूनबाईंचा चेहरा उतरला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला व पुढें सारी हयात शाळामास्तरकींत घालविलेला मनुष्य. रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु पाण्यांतून वीज सोडण्याचा प्रयोग मीं मुलांना अनेकदां करून दाखविला आहे. मीं सूनबाईंकडून चिमूटभर मीठ मागविलें, त्या नितळ पाण्यांत टाकलें आणि बटण पुन्हां दाबावयास सांगितलें. तें पाणी आमच्या पाण्याहूनहि काळपट तांबडें झालें! कारण तो रंग पाण्यांतील घाणीचा नव्हताच. तो सळईच्या लोखंडाचा होता. पाण्यांत क्षार विरघळलेले असले म्हणजे त्यांतून वीज सहज वाहते, लोखंड झिजून पाण्यांत उतरतें आणि त्याचा गंज होतो. जेथें क्षारच नाहींत तेथें वीज जवळजवळ वाहत नाहीं व रंगहि येत नाहीं. तो तरुण बिचारा हिरमुसला. त्याला स्वतःलाहि हें ठाऊक नसावें. चहा घेऊन तो गेला.

तो गेल्यावर सूनबाईंनीं विचारलें, "त्याचें खोटें ठरलें, पण मग आपलें पाणी चांगलें कीं वाईट, हें कशावरून समजावयाचें?" या प्रश्नाचें उत्तर चहाच्या पेल्याबरोबर संपणारें नव्हतें.

आमच्या सोसायटींत वर्षाचे सात-आठ महिने महानगरपालिकेचें पाणी पुरतें. उन्हाळा लागला म्हणजे त्यांत बोअरचें पाणी मिसळतात आणि तेंहि कमी पडलें तर टँकर मागवितात. हीं तिन्ही पाणीं जमिनीखालच्या एकाच टाकींत पडतात. टाकींत काय पडलें हें सेक्रेटरींच्या आधीं स्वयंपाकघराला कळतें. तुरीची डाळ कुकरमधून काढली तरी दाणा दाणा वेगळा राहतो, चहावर तवंग येतो, अंगाला साबण लावला तर फेंसाऐवजीं चिकट साका हाताला लागतो, आणि गिझरच्या नळीवर पांढरें किटण चढतें. अशा पाण्याला आपण जड म्हणतों. शाळेच्या पुस्तकांत त्याला दुष्फेन आणि हलक्या पाण्याला सुफेन म्हटलेलें असे; दोन्ही शब्द अर्थाला नेमके आहेत.

हा जडपणा येतो कोठून? पावसाचें पाणी मुळांत हलकें असतें. जमिनींत मुरतांना तें मातींतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल बनतें. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे अंश पुष्कळ आहेत. हें आम्ल पाणी भेगांतून झिरपतां झिरपतां त्यांना विरघळवितें. बोअरचें पाणी असें दीर्घकाळ खडकाच्या सहवासांत राहिलेलें असतें. खडकवासल्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. तें सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचें, टेमघर, वरसगांव, पानशेत आणि खडकवासला या धरणांत थोड्याच काळांत येऊन सांठलेलें पाणी. खडकाशीं त्याची तोंडओळखच काय ती झालेली असते. म्हणून तें हलकें. 1879 सालीं खडकवासल्याचें धरण पुरें झालें, तेव्हांपासून पुणेकराच्या जिभेला या हलक्या पाण्याची चटक लागली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कॅल्शियम साबणाला भेटला म्हणजे न विरघळणारा साका तयार होतो, आणि सारा कॅल्शियम संपेपर्यंत फेंस येत नाहीं. डाळीच्या दाण्यांतील पेक्टिनलाहि तो घट्ट बांधून टाकतो. मग दाणा फुटावा कसा? यांतील कांहीं जडपणा उकळल्यानें जातो, कारण बायकार्बोनेट मोडून चुना तळाशीं बसतो. गिझरमधील किटण तें हेंच. क्लोराइड व सल्फेट यांच्या रूपांतील जडपणा मात्र उकळून जात नाहीं; त्याला धुण्याचा सोडा घालावा लागतो. कोणाला परीक्षा पाहावयाची असेल तर एका बाटलींत पाणी घेऊन त्यांत खऱ्या साबणाचा कीस टाकावा व खळखळून हलवावें. कपड्यांची हल्लींची पावडर येथें चालत नाहीं, ती जड पाण्यांतहि फेंस देते.

आतां मुद्याची गोष्ट. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. जड पाण्यानें मुतखडा होतो अशी समजूत घरोघर आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें जडपणाला आरोग्याच्या दृष्टीनें कोणतीच मर्यादा घातलेली नाहीं. जड पाणी साबण खातें, गॅस खातें, गिझर खातें. माणसाला खात नाहीं. माणसाला खाणारी वस्तु निराळी आहे, आणि ती हलक्या पाण्यांतहि सुखानें राहते.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. तीन वर्षांपूर्वीं आमच्या इमारतींत एका महिन्यांत चार घरीं कावीळ झाली. त्यांत माझा नातू होता. पंधरा दिवस तो अंथरुणाला खिळून होता. त्या सुमारास मीं हौसेनें एक टीडीएस मीटर विकत आणला होता आणि रोज सकाळीं पाणी मोजून आंकडा वहींत टिपून ठेवीत होतों. आंकडा नव्वद-शंभराच्या पुढें कधीं गेला नाहीं. मानकाची मर्यादा 500 ची. म्हणून मी शेजाऱ्यांनाहि निर्धास्त राहा म्हणून सांगत सुटलों होतों. पुढें टाकी उपसली तेव्हां तिच्या भिंतीला तडा गेलेला दिसला, आणि हातभर अंतरावरून मैलापाण्याची नळी जात होती. मीटर खोटा नव्हता. तो पाण्यांतून वीज किती वाहते तेवढें पाहून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतूंविषयीं त्याला कांहींच सांगतां येत नाहीं. खोटा ठरलों तो मी.

2025 च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या भागांत गुइलेन बॅरे विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले, हें आपणांस आठवत असेल. हातापायांतील शक्ति जाणारा तो विकार. कांहीं रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा आंतड्याचा जंतु सांपडला आणि बोट पाण्याकडे गेलें. तेव्हांहि अनेक घरांतून मीटर बाहेर निघाले.

जंतूंपासून नळाच्या पाण्याचें रक्षण करतें तें त्यांत उरलेलें क्लोरिन. ग्राहकाच्या नळाशीं तें लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम असावें असा नियम आहे. त्याची तपासणी औषधाच्या दोन-चार थेंबांनीं होते. पाणी पिवळें झालें कीं क्लोरिन आहे. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून आपण नाक मुरडतों, पण तो वास पहारेकऱ्याचा आहे. घरगुती आरओ यंत्र हें क्लोरिन आधींच काढून घेतें, म्हणून त्याचें पाणी उघड्या भांड्यांत दिवसभर ठेवणें बरें नव्हे. शिवाय पेलाभर पाण्यासाठीं तें अनेकदां तीन पेले पाणी मोरींत सोडतें. बोअरचें पाणी फारच खारट असेल तेथें त्याचा उपयोग आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर तें लावणें म्हणजे निवडलेले तांदूळ पुन्हां पाखडणें. 2019 सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेंहि 500 हून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठीं अशा यंत्रांना मनाई करावी, असें केंद्र सरकारला सांगितलें होतें. शंका आली तर पाणी खळखळून उकळावें. जंतु मरतात आणि जडपणाहि कांहींसा उतरतो.

आमच्या सोसायटींत टाकीची भिंत नव्यानें बांधली, मैलापाण्याची नळी दूर नेली आणि बोअरच्या पाण्याला संडासापुरती वेगळी टाकी केली. वर्गणीवरून दोन सभा भांडणांत गेल्या, त्या सांगत बसत नाहीं. क्लोरिनचे थेंब टाकण्याचें काम माझ्या नातवानें स्वतःकडे घेतलें आहे. वहींत आतां आंकड्याऐवजीं रंग लिहिला जातो. गेल्या मंगळवारीं त्यानें 'रंग नाहीं' असें लिहून ती वही सेक्रेटरींच्या दारांत नेऊन ठेवली, आणि त्या दिवशीं आम्ही सर्वांनीं पाणी उकळून प्यालें.