एस.टी.चा ब्रेक आणि आपण

बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढच्यांच्या अंगावर कलंडतात. जडत्वाचा नियम शिकवताना आपण हे उदाहरण हमखास देतो आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मुलांना सहलीला न्यायचे असेल तेव्हा मात्र या उदाहरणापाशी थोडे रेंगाळायला हवे.

ब्रेक चाकांना लागतो, प्रवाशांना नाही. बसचा वेग ताशी 60 किलोमीटर असेल तर आत शांत बसलेल्या मुलाचा वेगही तेवढाच, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर असतो. सुमारे 14 मीटर उंचीवरून पडलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर आदळते. ही उंची चार मजल्यांहून अधिक झाली! वेग ताशी 30 असेल तर उंची साडेतीन मीटर, जेमतेम एक मजला. वेग निम्मा केला की उंची पाव होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा सहलीला उशीर झाला तरी चालेल, पण ‘जरा वेगात घ्या’ असे ड्रायव्हरला सांगू नये.

जोराच्या ब्रेकने बसचा वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे धरू. 60 किलोच्या उभ्या प्रवाशाला तोल सावरायला सुमारे 30 किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागेल. दांडी आधीच घट्ट धरलेली असेल तर हे जमते. ब्रेक लागल्यावर दांडी शोधणाऱ्याला जमत नाही. शेवटच्या बाकाची मधली जागा मुले हट्टाने मागतात. तिच्यापुढे मोकळी वाट असते, अडवायला समोर बाक नसतो. तिथे लहान मुलाला बसवू नये. वरच्या फळीवरची पाण्याची कळशीही त्याच वेगाने चाललेली असते, हे वेगळे सांगायला नको.

घाटात प्रश्न निराळा. 10 टनांची भरलेली बस 300 मीटर खाली उतरली की सुमारे 3 कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने 20 अंशांचे जवळजवळ 90 लिटर पाणी उकळायला लागेल. वेग वाढू द्यायचा नसेल तर या ऊर्जेची उष्णताच व्हायला हवी. सगळी ब्रेकमध्येच झाली तर ड्रम आणि लायनर तापतात, घर्षण कमी होते आणि पायाखाली ब्रेक दाबलेला असूनही गाडी आवरत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकतो आणि बराचसा भार इंजिनावर सोपवतो. इंजिनाचा तो घुमणारा आवाज ऐकून मुले घाबरतात, पण खरे तर तो दिलासा देणारा आवाज आहे. काळजी वाटावी ती डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यावर पसरणाऱ्या शांततेची.

घाट उतरून बस चहाला थांबली की मुलांना चाकापासून हातभर अंतरावर तळवा धरायला सांगावे. ब्रेक जास्त वापरला असेल तर धग जाणवते. चाकाला हात मात्र लावू देऊ नये.