सुट्या खंडाचं गिऱ्हाईक

आमच्या जुन्या पुस्तकांच्या धंद्यात मालाचे दोनच प्रकार : उठाव असलेला आणि उठाव नसलेला. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘स्वामी’, पु. लं.ची कुठलीही धड अवस्थेतली प्रत हातोहात जाते. फोटो टाकला की फोन येतो. खरी परीक्षा दुसऱ्या मालाची. सहकारी साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सवी ग्रंथ, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, नगरपालिकेची शताब्दी स्मरणिका, छापून आलेला पीएचडीचा प्रबंध, कोशाचा एकच सुटा खंड. अशा पुस्तकाला गिऱ्हाईक असतंच, पण जगात एखाददुसरं, आणि ते या महिन्यात येईल की पाच वर्षांनी, हे कोणी सांगू शकत नाही.

मी सांगलीत राहते. ग्रंथालयातली नोकरी संपल्यावर जुनी पुस्तकं घेऊन ऑनलाइन विकायला लागले. माझ्याकडे येतो तो बहुतेक हा दुसऱ्या प्रकारचाच माल. वडील गेले, घर विकायचंय, कपाटं रिकामी करायचीत, म्हणून लोक बोलावतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर माणूस चालता चालता थांबतो, पुस्तक उचलतो, भाव करतो. इथे घरात बसून ते होत नाही. त्यामुळे ऑनलाइन विकायचं हे ठरलेलंच. कुठे विकायचं, हे मात्र प्रत्येक पुस्तकागणिक ठरवावं लागतं. लोकांना वाटतं, सगळ्यात मोठं दुकान तेच सगळ्यात चांगलं. मी आधी एवढंच बघते : हे पुस्तक इथे वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर ते मला केवढ्याला पडेल?

ॲमेझॉनचंच घ्या. तिथे गर्दी मोठी आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य असल्यामुळे फक्त पुस्तकं विकणाऱ्या लहान विक्रेत्याच्या मागचं कागदपत्रांचं कामही कमी आहे. पण किमतीनुसार टक्केवारीचं कमिशन जाऊ शकतं, वर ठरावीक रकमेचा आकार आणि पाठवणुकीचा खर्च जातो. दीडशे-दोनशे रुपयांच्या पुस्तकात हे ठरावीक आकारच जास्त बोचतात. विकायला लावण्याआधी हे सगळं कागदावर मांडून बघावं, आणि त्यात पुठ्ठा, चिकटपट्टी आणि आपला वेळ धरावा.

यापेक्षा मोठी अडचण क्रमांकाची. अशा दुकानांची मांडणी आयएसबीएनवर उभी असते. हा क्रमांक १९७० साली आंतरराष्ट्रीय मानक झाला, २००७पासून तो तेरा आकडी झाला. मराठी पुस्तकांवर तो सर्रास दिसू लागला त्याच्या बऱ्याच नंतर. माझ्याकडच्या बहुतेक पुस्तकांवर तो नसतो. क्रमांक नसला की वेगळी सूट मागायची, मग सगळी माहिती स्वतः भरायची. त्यातही आधी कोणीतरी चुकीच्या नावाने किंवा वेगळ्या आवृत्तीच्या नावाने पान करून ठेवलेलं असेल, तर गोंधळ होतो. गिऱ्हाइकाला दुसरी आवृत्ती हवी असते, त्याच्या हातात पाचवी पडते आणि तक्रार आपल्या नावावर लागते.

ही तक्रार लहान विक्रेत्याला किती महाग पडते, याचा विचार फार थोडे लोक करतात. ॲमेझॉनवर खराब ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. महिन्याला हजार पुस्तकं विकणाऱ्याला हे जमतं. ज्याची दोन महिन्यांत दहा पुस्तकं जातात, त्याच्या एका तक्रारीचे दहा टक्के होतात. संथ खपाचा माल विकणाऱ्यासाठी हा हिशोबच उलटा आहे. आणखी एक सोय असते, माल त्यांच्याच गोदामात ठेवण्याची. वेगाने फिरणाऱ्या मालाला ती ठीक. पण तिथे जागेचं भाडं चढत राहतं, आणि जास्त काळ पडून राहिलेल्या मालाला ते आणखी लागतं. सुटा खंड तिथे पाठवला, तर गिऱ्हाईक येईपर्यंत त्याची किंमत भाड्यातच संपेल.

मग फेसबुकचे गट आणि व्हॉट्सॲप. इथे कमिशन नाही, पैसे यूपीआयने थेट येतात, आणि मराठी वाचकांशी ओळखी होतात. लोकप्रिय पुस्तकांसाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पण टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत खाली जातो आणि दोन दिवसांनी कोणाच्या नजरेला पडत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू ठेवता येतात, तेवढा तो टिकाऊ. तरी तो बघणार कोण, तर ज्याच्याकडे माझा नंबर आहे तोच. नागपूरच्या ज्या संशोधकाला वऱ्हाडातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेची स्मरणिका हवी आहे, तो माझ्या गटात नाही. तो गूगलवर शोधतो. म्हणून माझा नियम असा झाला आहे की जिथे नावाने शोधता येत नाही, तिथे उठाव नसलेलं पुस्तक ठेवायचं नाही.

या कसोटीला उतरतात ती खास जुन्या पुस्तकांची संकेतस्थळं. एबबुक्स १९९५ साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात सुरू झालं, २००८मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतलं. अमेरिकेतलं बिब्लिओ स्वतंत्र आहे. तिथे येणारा माणूस जुनं पुस्तक शोधायलाच येतो, आवृत्ती, बांधणी, अवस्था वाचून घेतो, आणि योग्य प्रत मिळाली तर पैशाला मागेपुढे बघत नाही. पण एबबुक्सवर विक्रेत्याला मासिक वर्गणी असते आणि शिवाय कमिशन. म्हणजे पुन्हा पडून राहण्याचा खर्च आलाच. इंग्रजीतला भारतविषयक साठा भरपूर असेल, तर तो निघतो. नुसत्या मराठी पुस्तकांवर निघणं अवघड. परदेशातली विद्यापीठं, म्हणजे शिकागो, हायडेलबर्ग, लंडनचं सोआस, मराठी पुस्तकांचा संग्रह करतात. पण असं ग्रंथालय सहसा आपल्या नेहमीच्या पुरवठादाराकडून घेतं. एकटा अभ्यासक मात्र अशा संकेतस्थळावर येतो.

परदेशी पाठवताना कायदा लक्षात ठेवायला हवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक, वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं, तसंच १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुन्या वाड्यातल्या पुस्तकांत पोथ्या, मोडी कागद सापडतात. ते बाजूला काढावेत आणि एखाद्या संशोधन संस्थेला दाखवावेत. फार जुन्या छापील पुस्तकाबद्दल शंका आली, तर पार्सल बांधण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावं.

परक्याच्या जागेवर सगळा माल मांडू नये, असं माझं पक्कं मत आहे, आणि त्याला कारणं आहेत. ईबेने २००४मध्ये बाझी डॉट कॉम घेऊन भारतात पाय रोवला. २०१७मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८मध्ये ईबे डॉट इन बंद झालं. त्याच वर्षी एबबुक्सने हंगेरी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया अशा काही देशांतल्या विक्रेत्यांना काढून टाकण्याचं ठरवलं. तेव्हा दोन डझनांहून जास्त देशांतल्या सुमारे ६०० पुस्तकविक्रेत्यांनी आपली लाखो पुस्तकं एकाच वेळी संकेतस्थळावरून उतरवली. कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. या प्रसंगाचं मला फार कौतुक आहे. एकेकट्या दुकानदारांची ताकद एकत्र आल्यावर काय होते, ते दिसलं. पण दरवेळी असे सहाशे जण उभे राहतीलच असं नाही. म्हणून पुस्तकाचं वर्णन, फोटो, किंमत हे सगळं आधी स्वतःच्या संगणकावरच्या तक्त्यात नोंदवायचं आणि तिथून बाहेर न्यायचं. दुकान बंद पडलं तरी आपली यादी आपल्याकडे राहते.

माझी स्वतःची यादी एका साध्या संकेतस्थळावर आहे. वर्षाला नावाचं आणि जागेचं भाडं भरलं की दहा पुस्तकं ठेवा नाहीतर दोन हजार, खर्च तोच. पडून राहणाऱ्या पुस्तकाला ही जागा सगळ्यात स्वस्त. मात्र इथे गर्दी आपोआप येत नाही. ती नोंदीच्या जोरावर आणावी लागते. ज्ञानकोश हा शब्द रोमन लिपीत लोक किमान चार तऱ्हांनी लिहितात. अमेरिकेतली ग्रंथालयं अक्षरांवर-अक्षरांखाली खुणा देऊन पाचव्या तऱ्हेने लिहितात. मी देवनागरी नाव देते, सर्रास वापरातली रोमन स्पेलिंगं देते, आणि वर्ल्डकॅट या जागतिक सूचीत बघून तिथलंही रूप देते. लेखकाचं आडनाव आधी आणि नंतर, दोन्ही प्रकारे. ग्रंथालयातल्या तालिकीकरणाचा सगळा अनुभव इथे कामाला येतो.

एखादा कुलवृत्तांत आला की मी काय करते ते सांगते. पहिल्यांदा शेवटची पानं उघडते, कारण घडीची वंशावळ तिथे असते. घडीवर ती फाटलेली असते किंवा कोणीतरी भिंतीवर लावायला काढून नेलेली असते. वंशावळ नसलेला कुलवृत्तांत अर्ध्या किमतीलाही जड. मग कसर बघते, पाठ सैल झाली आहे का बघते, शिलाईपाशी बोट फिरवते. समासात कोणी पेन्सिलीने जन्मतारखा लिहिल्या असतील, तर त्या पुसत नाही. घेणाऱ्याला त्याच हव्या असतात. नोंदीत घराण्याचं आडनाव, गोत्र, मूळ गाव, ग्रंथात आलेल्या शाखांची गावं, प्रकाशनाचं वर्ष, पानं, वंशावळीचे तक्ते किती आणि कोणते फाटलेले, हे सगळं येतं. फोटो नामपृष्ठाचा, पाठीचा आणि खराब भागाचा. खराब भागाचा फोटो दिला की घासाघीस कमी होते आणि पुस्तक परत येत नाही. शेवटी मलपृष्ठाच्या आत, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने नोंद क्रमांक आणि खोक्याचा क्रमांक. तीन वर्षांनी ऑर्डर आली, तर ते पुस्तक पाच मिनिटांत हातात यायला हवं. खोकी माझ्याकडे वरच्या मजल्यावर असतात. २०१९चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

अशा पुस्तकाला गिऱ्हाईक बहुतेक त्याच आडनावाचं मिळतं. कधी ठाण्याचं, कधी बडोद्याचं, कधी न्यू जर्सीचं. मुलाला किंवा नातवाला आपलं मूळ गाव दाखवायचं असतं. त्या फोनवर जे बोलणं होतं, त्यासाठी हा धंदा करावासा वाटतो.

किंमत ठरवताना इतरांनी लावलेल्या किमतीवर विसंबू नये. २०११मध्ये ॲमेझॉनवर माशीच्या वाढीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्याही पुढे गेली होती. दोन विक्रेत्यांचे संगणक एकमेकांची किंमत बघून आपली वाढवत होते, एवढंच त्याचं कारण. संथ खपाच्या पुस्तकाला विक्रेतेच एक-दोन असतात, त्यामुळे मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर पडतं. मी बघते ते एवढंच की तो मजकूर आंतरजालावर फुकट मिळतो का. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, १९२०च्या दशकातले ते २३ खंड, आज संकेतस्थळावर वाचता येतो. त्यामुळे नुसता वाचण्यासाठी खंड कोणी घेत नाही. ज्याच्या कपाटात बावीस आहेत आणि एक नाही, तो घेतो. त्याच्यासाठी त्या एका खंडाची किंमत वेगळी असते, आणि ती मागायला मी संकोच करत नाही. पण अडलेल्याला लुबाडायचंही नाही.

टपालाचं गणित अलीकडे बदललं. डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद झाली, तेव्हा आमच्यासारख्यांचा मोठाच खोळंबा झाला. मग १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट आली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तक जमिनीवरच्या वाहतुकीने जातं, थोडं उशिरा पोचतं, पण कुठवर गेलं ते कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, आणि जाहिरातींनी भरलेलं छापील साहित्य त्यात चालत नाही; म्हणून दिवाळी अंक मी वेगळे पाठवते. जाड खंडांना या दरांनी जीव दिला आहे. ज्याने पाच वर्षं वाट पाहिली, त्याला पाच दिवसांची घाई नसते.

तुमच्या घरी अशी पुस्तकं निघाली, तर सगळी एकाच ठिकाणी लावू नका. खपाची पुस्तकं गटांवर टाका, आयएसबीएन असलेली पाठ्य आणि संदर्भ पुस्तकं मोठ्या दुकानात, आणि उरलेली अशा जागी जिथे नावाने शोधता येतं आणि महिन्याचं भाडं लागत नाही. स्वतःला हा व्याप नको असेल, तर आपल्या भागातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला किंवा सार्वजनिक वाचनालयाला एकदा बोलवा. फक्त रद्दीच्या काट्यावर चढवण्याआधी सुटे खंड, स्मरणिका आणि कुलवृत्तांत तेवढे बाजूला काढून ठेवा. रद्दीवाला त्यांचे किलोवर पैसे देईल, आणि तो खंड शोधणाऱ्याला मग तो कधीच मिळणार नाही.