यौवनलोपी ग्रंथीचे वाढलेले अर्बुद : शस्त्रकर्माचे फलित आणि आपले कर्तव्य

सुमारे बारा वर्षांपूर्वी शाहूपुरीतील माझ्या चिकित्सालयात चाळिशीतील एक शिक्षिका आल्या. सकाळी प्रकृती ठीक असे. दुपारनंतर डाव्या डोळ्याची पापणी खाली येई, जेवताना जबडा थके. वातहतवर्त्म समजून मी दीड महिना नस्य आणि बला-अश्वगंधादी औषधांची योजना केली. श्रमाने वाढणारे व विश्रांतीने उतरणारे दौर्बल्य ही मायस्थेनियाची ठळक खूण समोर असूनही मी तिचा अर्थ लावला नाही. पुढे सीटी स्कॅनमध्ये उरोस्थीमागे थायमोमा आढळला. तो हृदयावरणात शिरला होता. त्या दीड महिन्याची खंत अद्याप आहे.

मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांपैकी दहा ते पंधरा जणांत थायमोमा असतो. म्हणून हे निदान होताच छातीचे स्कॅन आवश्यक ठरते. मासाओका यांनी १९८१ साली मांडलेल्या वर्गीकरणानुसार अर्बुद शेजारच्या अवयवांत शिरले की तिसरी अवस्था आणि फुप्फुसावरणावर वा दूर पसरले की चौथी. या दोन अवस्थांत शस्त्रकर्माचा उपयोग काय, असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात.

कोंडो व मोंडेन यांनी २००३ साली जपानमधील १,३२० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील थायमोमा निःशेष काढता आला त्यांपैकी ९३ टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. बराचसा काढला तेथे ६४ टक्के, शस्त्रकर्म अशक्य होते तेथे ३६ टक्के. (ज्यांचे काढता आले नाही त्यांचा रोगच मुळात अधिक होता, हे ध्यानी ठेवावे.) थायमिक कार्सिनोमात मात्र हेच आकडे ६७, ३० आणि २४ आहेत, म्हणजे तेथे अर्धवट छेदनाने फारसे साधत नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अर्बुदाचा शेष राहू न देण्याविषयी दिलेली ताकीद येथे आठवल्यावाचून राहत नाही.

निःशेष छेदन सोपे नसते. हृदयावरणाचा तुकडा, फुप्फुसाची कड, कधी मोठ्या शिरेची भिंतही काढावी लागते. अर्बुद फार मोठे असल्यास आधी केमोथेरपीने ते लहान करतात. श्वासपटलाला चेतना देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नसा मात्र एकदम कापणे टाळतात, कारण मायस्थेनियाच्या रुग्णाचा श्वास आधीच दुबळा असतो. याच कारणास्तव शस्त्रकर्मापूर्वी स्नायूंचे बळ औषधांनी सावरून घ्यावे लागते.

आपले काम येथेच आहे. रुग्ण घेत असलेल्या सर्व काढे, भस्मे व रसकल्पांची लेखी यादी शल्यचिकित्सकाकडे पाठवावी. पायरिडोस्टिग्मिन आपल्या सल्ल्याने बंद होऊ देऊ नये. औषध दुकानदार बंधूंनी अशा रुग्णाच्या हाती जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, क्विनीन, प्रोप्रॅनॉलॉल किंवा मॅग्नेशियमयुक्त औषध देण्यापूर्वी त्याच्या तज्ज्ञास विचारावे. यांनी दौर्बल्य एकाएकी वाढू शकते. रसायनाची घाई नको. व्रण भरल्यावर, तज्ज्ञाशी बोलूनच त्याचा विचार व्हावा.

थायमोमा सावकाश वाढतो आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसावरणावर पुन्हा उगवू शकतो. तेव्हाही तो काढता येतो, मात्र वेळीच दिसला पाहिजे. म्हणून किमान दहा वर्षे तपासणी चालू ठेवतात. त्या शिक्षिकांचे शस्त्रकर्म मुंबईत झाले, अर्बुद पूर्ण निघाले. त्या अजूनही दरवर्षी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस जाऊन येतात, आणि परतल्यावर अहवाल आधी मला दाखवतात.