निखाऱ्यांवरची जाळी

हुरड्याचे दिवस आले की मळ्यावर शेकोटी पेटते आणि कुणीतरी वांगी, कणसं, रताळी घेऊन येतं. रताळं राखेत पुरलं की काम झालं. बांगडा, पनीर किंवा कांद्याचे काप भाजायचे तर मात्र जाळी हवी. पहिल्या खेपेला मी भंगारात निघालेल्या फ्रिजचा जाळीदार कप्पा उचलून नेला होता. पंधरा मिनिटांत त्यावरचा पांढरा थर फुगला, पापुद्रे सुटून वांग्यांना चिकटले आणि वासानेच सगळे मागे सरकले. टोपलीभर वांगी उकिरड्यावर गेली. त्यानंतर वेल्डिंगवाल्याशेजारी बसून जी जाळी करून घेतली, ती आजही वापरात आहे.

तिचा पहिला नियम: लोखंडावर कसलाही मुलामा नको. बाजारात चकचकीत, स्वस्त दिसणारी जीआय जाळी म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि रसरशीत निखारे त्याच्या बरेच वर जातात. तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत असतो. शिवाय लिंबू-दह्याच्या आंबटपणात जस्त विरघळतं, म्हणजे मसाला लावलेला मासा त्यावर ठेवणंच चुकीचं. जुन्या खिडकीचे गजही मोह घालतात, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते टाळावेत. बांधकामाच्या सळईला आडवे कंगोरे असतात, त्यात मसाला अडकून जळतो. म्हणून दुकानात ‘साधा गोल बार’ मागावा, किंवा खिसा परवानगी देत असेल तर स्टीलचा.

चौघा-पाच जणांना 40 बाय 30 सेंटिमीटरची जाळी पुरते. चौकटीला 8 मिलिमीटरचा बार, आतल्या आडव्या सळयांना 6 मिलिमीटरचा. दोन सळयांच्या मध्यांतलं अंतर 2 सेंटिमीटर ठेवलं की कांद्याची चकती खाली पडत नाही. अशा 19 सळया बसतात आणि जाळीचं वजन दोन किलोच्या आत राहतं.

वेल्डिंगला बसलात की एक गोष्ट आग्रहाने सांगा. बहुतेक कारागीर सवयीने सळईची दोन्ही टोकं चौकटीला पक्की जोडतात. पण बारीक सळई चौकटीपेक्षा लवकर तापते. 30 सेंटिमीटरची सळई 400 अंशांनी तापली की सुमारे दीड मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं अडकलेली असली तर जागा न मिळाल्याने ती धनुष्यासारखी वाकते आणि दोन-तीन शेकोट्यांत जाळीचा पापड होतो. म्हणून सळया चौकटीवर नुसत्या टेकवायच्या, एकेकीचं एकच टोक जोडायचं आणि दुसरं मोकळं सोडायचं. एकीचं डावं, पुढचीचं उजवं. माझी जाळी सरळ राहिली ती एवढ्यामुळेच.

नवी जाळी आधी रिकामीच निखाऱ्यांवर तापवा. कारखान्यातलं तेल आणि काजळी जळून जाते. कोमट झाली की जवसाच्या किंवा करडईच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवा. ही सुकणारी तेलं आहेत. बिडाच्या तव्यावर बसतो तसा काळा, गुळगुळीत थर त्यांनी बसतो.

जाळीला पाय लावू नका. दोन बाजूंना विटा किंवा दगड मांडले की पुरे, फक्त ओढ्यातले ओले दगड नकोत. भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो आणि कपच्या डोळ्यांपर्यंत उडतात. विस्तव जाळीखाली पेटवूच नये. तो शेजारी पेटवावा आणि तयार निखारे खाली ओढावेत. जाळ उंच, देखणा असतो, पण त्याने वरून काजळी आणि आतून कच्चेपणा मिळतो. बाभळीच्या सुक्या लाकडाचे निखारे जड आणि टिकाऊ. त्यांवर राखेची पांढरी साय धरेपर्यंत पाऊण तास तरी जातो, तोवर मसाला मुरू द्या. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि कण्हेरीच्या फांद्या मात्र विस्तवात नकोतच. कण्हेर विषारी आहे.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. दोन तृतीयांश भागात दाट, उरलेल्यात जवळजवळ नाही. जुन्या चुलीला जसा वैल असायचा, तशी ही मंद जागा. चरबी टपकून जाळ उसळला की तंगडी वैलावर सरकवायची. आच किती हे तळहाताने कळतं: जाळीच्या उंचीवर हात धरून दोन-तीन आकडे मोजेपर्यंतच टिकला तर ती बांगड्याची आच, पाच-सहापर्यंत टिकला तर कोंबडीची. बांगडा पूर्ण तापलेल्या, तेल पुसलेल्या जाळीवरच ठेवा आणि मग हात आवरा. सुरुवातीला कातडी घट्ट धरते, लोक घाईने उलथनं घालतात आणि मासा फाटतो. तीन-चार मिनिटांनी तीच कातडी खरपूस होऊन आपोआप सुटते. वांग्याला एवढी निगा लागत नाही. खानदेशात तर भरिताची वांगी सरळ कपाशीच्या काड्यांच्या जाळात टाकतात आणि तो धुरकट वास दुसऱ्या कशाने येत नाही.

जाळी पिशवीत मावते म्हणून गडावर नेऊ नका. राखीव जंगलात आणि अभयारण्यात विस्तव करायला 1927 च्या वन कायद्याने आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. हरिश्चंद्रगडही अभयारण्यातच येतो. मालकाला विचारून शेतात, भोवतीचं वाळलं गवत काढून, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवून बसा. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून निघू नका.