पकड जास्त म्हणजे टायर चांगला?

२०१२ साली टोयोटाने जीटी८६ बाजारात आणली, तेव्हा मोटारवेड्यांच्या भुवया तिच्या टायरांकडे पाहून उंचावल्या. दोनशेच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, जमिनीला टेकलेली बैठक, असं सगळं स्पोर्ट्‌स कारला शोभणारं होतं. टायर मात्र मिशेलिनचे प्रायमसी एचपी, २१५ मिलिमीटर रुंदीचे. टोयोटाच्याच प्रियस या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीलाही हेच टायर मिळत. यात कंजूषपणा नव्हता. मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांना बेताच्या वेगातही चालकाच्या हातात खेळणारी गाडी हवी होती. वळणावर तिची मागची बाजू किंचित सरकावी आणि ती सरकतेय हे चालकाला आधी कळावं, असा त्यांचा आग्रह होता.

खरा प्रश्न उभा राहतो तो हे टायर झिजल्यावर. दुकानात गेलेला मालक साहजिकच अधिक चिकट आणि अधिक रुंद टायर मागतो. ते बसवले की ट्रॅकवरची फेरी लवकर संपते, हे खरं. पण घसरण आता जास्त वेगाला सुरू होते आणि पुष्कळदा चाहूल न देता. ज्या स्वभावासाठी गाडी घेतली, तो स्वभावच बदलतो. घड्याळाशी झुंजायचं असेल तर हा सौदा फायद्याचा. रविवारी सकाळी डोंगरातल्या रस्त्यावर रमतगमत जायचं असेल तर नाही.

शाळेत शिकवतात की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर हा नियम पाळत नाही. ते डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांभोवती दबतं आणि मूळ आकाराला येताना थोडा उशीर लावतं. त्या उशिरात ऊर्जेची उष्णता होते आणि त्यातूनच पकड मिळते. रबर आणि रस्ता यांच्या रेणूंमधलं आकर्षण तिच्यात भर घालतं. जीटी८६चं वजन साधारण १२४० किलो, म्हणजे एका चाकावर सुमारे ३१० किलो. हवेचा दाब ३५ पीएसआय धरला तर प्रत्येक टायरचा जेमतेम ११ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. टायर रुंद घेतला म्हणून हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. त्याचा आकार बदलतो: आडवा पसरट, लांबीला आखूड. वळताना फायदा होतो तो या आकाराचा.

पण रबरात ऊर्जा वाया गेली की पेट्रोलही वाया जातं. मग पकड आणि बचत एकत्र कशी साधायची? ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं, तर खडीची टोकं रबराला सेकंदाला हजारो-लाखो वेळा डिवचतात. संथ हालचालीत कमी आणि जलद हालचालीत जास्त ऊर्जा खाणारं रबर मिळालं, तर दोन्ही साधतं. मिशेलिनने १९९२ मध्ये काजळीचा मोठा हिस्सा काढून सिलिका वापरलेले टायर आणले, ते याच हिशेबावर.

थंडीत हा हिशेब उलटतो. उन्हाळी स्पोर्ट्‌स टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतो. शेवरोले कॉर्व्हेटच्या मालकांना तर उणे ७ अंशांखाली अशा टायरांच्या पृष्ठभागाला भेगा पडू शकतात, अशी ताकीद दिलेली असते. न्यू जर्सीतल्या मालकाला म्हणूनच दुसरा संच ठेवावा लागतो. मुंबईकराला ती चिंता नाही, त्याची परीक्षा पाऊस घेतो. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्ये मुख्यतः विमानाच्या टायरांवरून एक सूत्र मांडलं: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटर येतो. मोटारीसाठी हे केवळ ढोबळ अनुमान. तरी खाचा झिजलेल्या रुंद टायरांवर जुलैच्या धारेत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरने निघालेल्याने ते ध्यानात ठेवलेलं बरं. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरांना खाचाच कमी असतात.

टायरच्या बाजूवर बरंच काही छापलेलं असतं. वेगाची खूण ‘वाय’ असेल तर मर्यादा ताशी ३०० किलोमीटर. त्यापुढचं जग निराळं आहे. २०१९ मध्ये बुगाटी शिरॉनने जर्मनीत ४९०.४८४ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा टायरच्या कडेचा एक ग्रॅम रबर पाच किलोंहून अधिक ताकदीने बाहेर खेचला जात होता.

मला विचाराल तर दुकानात सर्वांत आधी पाहावेत ते चार अंक. ‘२३१९’ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्पोर्ट्‌स कार बहुतेक वेळ गॅरेजात असते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं टायर फिरत राहिला तर पृष्ठभागावर नीट येत राहतात. उभ्या गाडीत ती कमी पडतात. ‘फास्ट अँड फ्युरियस’चा नट पॉल वॉकर २०१३ मध्ये ज्या पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे असल्याचं तपासात आढळलं. कारण अतिवेग हेच ठरलं, पण टायरांच्या वयाची नोंद झाली. गाडी किती चालली हे न पाहता सहा वर्षांनी टायर बदला, असं पोर्श सांगते.

पोर्शच्या टायरांवर ‘एन०’, ‘एन१’ अशी खूणही असते. नाव आणि माप तेच असलं, तरी ही खूण असलेला टायर पोर्शच्या गरजेनुसार घडवून, तपासून मंजूर केलेला असतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकल्यावर परवान्याशिवाय ती करता येईना, आणि असे खास टायर मिळवणं भारतात जिकिरीचं झालं. खुणेच्या हट्टापायी जुना माल घेण्यापेक्षा त्याच मापाचे, एकाच जातीचे चार ताजे टायर बसवणं मला शहाणपणाचं वाटतं. ९११ कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ लागतात, म्हणजे पुढचे टायर मागे फिरवून झीज समान करण्याची सोय नाही. मागची जोडी आधी संपते. तेवढीच बदलायची असेल तर पुढच्या जोडीवर ‘एन’नंतर कोणता अंक आहे ते वाचूनच मागणी नोंदवावी, कारण ‘एन०’ आणि ‘एन१’ एका गाडीवर मिसळायला पोर्शची मनाई आहे.