क्वेबेक नगरीत चार पिढ्या

वयाच्या आदी, मध्य आणि अंती अनुक्रमे कफ, पित्त आणि वात यांचे प्राबल्य असते, हे आपण सर्व वैद्य विद्यार्थिदशेतच मुखोद्गत करतो. तथापि हे तिन्ही दोष एकाच मोटारीत बसवून प्रवासाला निघण्याचा योग क्वचितच येतो. गेल्या ज्येष्ठ महिन्यात तो आम्हांस आला. आमचे तीर्थरूप अण्णा (वय ८१, जन्मभर वैद्यकी केलेले), आम्ही उभयता, माँट्रियल येथे स्थायिक झालेले चिरंजीव व सूनबाई, आणि त्यांची नऊ वर्षांची कन्या अशा चार पिढ्या एकत्र येऊन क्वेबेक या फ्रेंचभाषिक नगरीत आठ दिवस राहिल्या. वैद्यबंधूंना उपयोगी पडेल असे जे काही या प्रवासात आढळले, ते येथे निवेदन करतो.

प्रथम आमचा प्रमाद सांगितला पाहिजे. मुंबई ते माँट्रियल हा प्रवास वाटेतील विमानबदल धरून वीस तासांहून अधिक होतो. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्याहून साडेनऊ तास मागे असते. विमानातील हवा रूक्ष व शीत, आसन संकुचित, वेगधारण अपरिहार्य. वातप्रकोपाची इतकी कारणे एके ठिकाणी जमलेली असताना दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे आम्ही कोणाही रुग्णास निक्षून सांगितले असते. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी २५० किलोमीटर मोटारीने क्वेबेकला आलो आणि त्याच सायंकाळी अण्णांना घेऊन जुने नगर पाहावयास निघालो. हे नगर दोन पातळ्यांवर वसले आहे. कड्यावर वरचे नगर, खाली सेंट लॉरेन्स नदीकाठी खालचे नगर. दोहोंना जोडणाऱ्या एका जिन्याचे नावच मुळी 'मान मोडणारा जिना' असे आहे. तो उतरताना अण्णा काही बोलले नाहीत. रात्री मात्र भ्रम, जानुशूल, अनिद्रा, सकाळी मलावष्टंभ. पहाटे तीन वाजता ते अंथरुणात बसून म्हणाले, "अरे, वैद्य बरोबर आणला असता तर बरे झाले असते."

त्यानंतर कार्यक्रम अण्णांच्या गुडघ्यांनी ठरविला. सकाळी पादाभ्यंग, कोष्ण जल, एका वेळी एकच स्थळ, दुपारी सर्वांनी निवासस्थानी परत. वर-खाली जाण्यास १८७९ पासून चालत आलेली कड्यावरची तिरकी रेल्वे आहे, तिचा आश्रय केला. चिरंजिवांना प्रारंभी ही मंदगती मानवेना, पित्ताचे वय. पण दुपारच्या त्या सक्तीच्या विसाव्यात पणजोबा व पणती यांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि प्रवासाचे खरे फळ तेथेच हाती आले. मुलीचे शिक्षण फ्रेंचमधून होते. मराठी तिला समजते, बोलताना अडते. अण्णांना फ्रेंचचा गंध नाही.

औषधांविषयी एक सूचना. २००५ साली कॅनडाच्या आरोग्य खात्याने काही आयुर्वेदीय उत्पादनांत आढळलेल्या जड धातूंबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यामुळे रसौषधी व भस्मे आम्ही नेलीच नाहीत. अण्णांच्या नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत, आणि सौ.ने केलेला मोरावळा विमानतळावरील पत्रकात रीतसर नोंदवून, एवढाच आमचा औषधसंभार होता.

आहाराबाबत देशसात्म्य व ओकसात्म्य यांचा झगडा अपेक्षित होताच. तेथील लोकप्रिय पदार्थ म्हणजे तळलेले बटाटे, त्यांवर ताज्या चीजचे खडे आणि वरून ऊन दाट रस्सा, तोही बहुधा मांसाचा. दूध नासवून, खारवून, तळणावर घालून त्यात मांसरस, असे विरुद्धाशनाचे उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. नातीने तो आनंदाने खाल्ला व तिला काहीही झाले नाही. दीप्ताग्नी, तरुण वय आणि नित्यसेवनाने आलेले सात्म्य असता विरुद्धही बाधत नाही, हे शास्त्रातच सांगितले असल्यामुळे आम्ही मौन पाळले. मेपल वृक्षाचा पाक मात्र अण्णांना अतिशय आवडला. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. "काकवीच, पण अधिक लघु," असा त्यांनी निर्वाळा दिला.

चौथ्या दिवशी सेंट चार्ल्स नदीकाठच्या उद्यानात गेलो. या परिसरात फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए याने १५३५-३६ चा हिवाळा काढला. तेथील कथा नातीला ठाऊक होती आणि ती पणजोबांना सांगण्याची तिची ईर्षा होती. अडलेल्या शब्दाला चिरंजीव साहाय्य करीत.

त्या हिवाळ्यात जहाजे बर्फात अडकली. खलाशांच्या हिरड्या सडू लागल्या, दात गळू लागले, पाय सुजून काळे पडले. ११० जणांपैकी २५ दगावले. कारण शोधण्यासाठी कार्तिएने एका २२ वर्षांच्या मृत खलाशाचे शवविच्छेदनही करविले, पण उमगले काहीच नाही. पुढे त्या भूमीचा रहिवासी दोमागाया त्याच्या दृष्टीस पडला. काही दिवसांपूर्वी याच व्याधीने जर्जर झालेला हा मनुष्य आता धडधाकट चालत होता. 'अनेदा' नावाच्या वृक्षाची साल व पाने पाण्यात उकळून तो काढा एक दिवसाआड प्यावा आणि उरलेला चोथा सुजलेल्या पायांवर बांधावा, असे त्याने सांगितले. क्वाथ आणि लेप! खलाशांनी आठवडाभरात एक अख्खा मोठा वृक्ष संपविला आणि ते बरे झाले. आज आपण या व्याधीस क जीवनसत्त्वाचा अभाव म्हणून ओळखतो.

अण्णांनी विचारले, "मग त्या दोमागायाला त्यांनी काय दिले?"

नातीला हे माहीत नव्हते. चिरंजिवांनी सांगितले. वसंतात बर्फ वितळताच कार्तिएने दोमागाया, त्याचा पिता दोन्नाकोना आणि इतर काहींना धरून फ्रान्सला नेले. त्यांतील पुरुष कधीच परत आले नाहीत. पुढे शाँप्लँने १६०८ साली याच ठिकाणी वसाहत स्थापिली, तोवर दोमागायाची वस्तीच तेथून नाहीशी झाली होती. अनेदा कोणता, हे दाखविणारे कोणी उरले नव्हते. त्या पहिल्या हिवाळ्यात शाँप्लँच्या २८ माणसांपैकी २० जण मुख्यतः याच व्याधीने व अतिसाराने मेले. काढ्याची कृती कार्तिएच्या वृत्तांतात लिहिलेली होती, आणि औषध बहुधा आसपासच्या रानात उभे होते. अनेदा म्हणजे थूजा, म्हणजे तेथील पांढरा सीडर, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो बाल्सम फर असावा. आपल्या बागांतील मोरपंखी थूजाचा जवळचा आप्त आहे. मात्र थूजातील तैलांश अधिक मात्रेत आक्षेपजनक असल्याने कोणी हा प्रयोग करू नये.

अण्णा बराच वेळ बाकावर बसून राहिले. आमच्या घराण्यातील वैद्यकी आमच्यापाशी थांबणार आहे. चिरंजीव संगणक क्षेत्रात आहेत. हा विषय घरात कोणी काढीत नाही, आणि त्या दिवशीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपण होऊन लुई एबेरचे स्मारक पाहण्याची इच्छा दर्शविली. हा पॅरिसचा औषधविक्रेता १६१७ साली पत्नी मारी रोले व तीन अपत्यांसह येथे येऊन स्थायिक झाला. बर्फावर घसरून पडल्याने १६२७ च्या जानेवारीत त्याचा अंत झाला. वृद्धांच्या पतनाविषयी आम्ही अण्णांना पुन्हा बजावले. त्यांनी काठी आपटून दाखविली. ऑगस्टिनियन भगिनींचा मठही पाहिला. १६३९ साली फ्रान्सहून आलेल्या तीन भगिनींनी येथे रुग्णालय चालविले. मठाच्या एका भागात आता अतिथिगृह आहे आणि तेथे सकाळची न्याहारी मौनात घेण्याची प्रथा आहे. न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे, हा चरकाचार्यांचा आहारविधी फ्रेंच जोगिणींच्या घरी पाळला जातो, याचे सौ.स फार कौतुक वाटले. आमच्या घरी तो कधी जमलेला नाही.

परतीच्या वाटेवर मोटारीत नातीने शाळेची वही काढली. काढा कसा करतात, ते तिला लिहून घ्यायचे होते. अण्णा सांगू लागले. भरड द्रव्य एक भाग, पाणी सोळा भाग, मंद आच, झाकण ठेवू नये, आठवा भाग उरेपर्यंत आटवावे, गाळून कोमट घ्यावे. ती फ्रेंचमध्ये लिहीत होती. आकडे तेवढे आम्हांस वाचता येत होते. सर्व झाल्यावर अण्णांनी वही मागून घेतली आणि अक्षर कळत नसताही वरपासून खालपर्यंत बोट फिरविले.

"झाडाचे नाव कुठे आहे?" त्यांनी विचारले.

ते लिहावयाचे राहिले होते. तिने वही पुन्हा मांडीवर घेतली. अण्णा एकेक अक्षर सुटे करून सांगू लागले: गु, ळ, वे, ल.